‘बिलिटल’ म्हणजे अपमान नव्हे: अर्थ, वापर आणि आसपासचे शब्द

प्रश्न असा आहे: “बिलिटल या इंग्रजी क्रियापदाचा नेमका अर्थ काय? शब्दकोशात अपमान करणे, तुच्छ लेखणे, कमी लेखणे असं सगळं एकाच ओळीत दिलंय. माझ्या वरिष्ठांनी मेलमध्ये ‘आय डोन्ट मीन टू बिलिटल युअर एफर्ट्स, बट...’ असं लिहिलंय. हा अपमान समजायचा का? आणि मी स्वतः हा शब्द कुठे वापरू?”

मी अनुवादाचं काम करतो, त्यात कोर्टाची कागदपत्रं बरीच असतात. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी शिकवतो. या एका शब्दाने दोन्हीकडे घोटाळे होताना पाहिलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी उत्तर. एखाद्या माणसाची, कामाची किंवा भावनेची जी खरी किंमत आहे, ती बोलण्यातून लहान करून दाखवणं म्हणजे बिलिटल. ‘अपमान करणे’ हा अर्थ तुमच्या शब्दकोशाने दिला असला तरी तो बाजूला ठेवा. अपमानात वार असतो, बिलिटलमध्ये काटछाट असते. वार झाला की लगेच कळतो. काटछाट झालेली पुष्कळदा घरी गेल्यावर, अंथरुणाला पाठ टेकल्यावर लक्षात येते.

शब्दाच्या पोटातच हा अर्थ आहे. ‘लिटल’ म्हणजे लहान आणि त्याच्या आधी लागलेला ‘बि’ म्हणजे ‘तसं करून टाकणे’. बिफ्रेंड म्हणजे मित्र करून घेणं, तसं बिलिटल म्हणजे लहान करून टाकणं. हा शब्द पहिल्यांदा छापील सापडतो तो अमेरिकेचा पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनच्या लेखणीतून, आणि गंमत म्हणजे तिथे तो माणसांबद्दल नाहीच, जनावरांबद्दल आहे.

त्या काळी फ्रान्समध्ये ब्युफाँ नावाचे फार मोठे निसर्गशास्त्रज्ञ होते. त्यांचं म्हणणं असं, की अमेरिका खंडाची हवा थंड आणि दमट, त्यामुळे तिथली जनावरं युरोपातल्यापेक्षा लहान निपजतात आणि युरोपातून नेलेली गुरंढोरंही तिथे खुरटतात. स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या देशाला हे झोंबणारच. व्हर्जिनिया प्रांताची माहिती देणारं एक पुस्तक जेफरसनने 1781-82च्या सुमारास लिहिलं. ते 1785 मध्ये पॅरिसला आणि 1787 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात त्याने युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वजनांचे तक्तेच मांडले आणि लिहिलं, की अटलांटिकच्या या बाजूला निसर्ग आपली निर्मिती ‘बिलिटल’ करतो, असा हा ब्युफाँसाहेबांचा नवा सिद्धांत आहे. तेवढ्यावर तो थांबला नाही. अमेरिकेहून मूस नावाच्या अजस्र हरणाचा सांगाडा, कातडं आणि शिंगं मागवून त्याने ती 1787 मध्ये ब्युफाँकडे पाठवून दिली.

लंडनच्या एका मासिकाने त्याच साली पुस्तकाचं परीक्षण करताना या शब्दावरच झोड उठवली. आशय असा, की व्हर्जिनियात हा शब्द डौलदार वाटत असेल, कळतही असेल, आम्हाला मात्र अर्थाचा नुसता अंदाज बांधावा लागतो. जेफरसनसाहेब, आमच्या देशावर काय टीका करायची ती करा, पण आमच्या मातृभाषेवर दया करा. ज्या शब्दाला लंडनने असं हिणवलं, तोच पुढे साऱ्या इंग्रजीत रुळला. अठरावं शतक संपता संपता त्याचा आजचा, किंमत कमी करून दाखवण्याचा, अर्थही चालू झाला होता.

ही कथा लांबवली त्याला कारण आहे. जिथे आकार, मोल, मोठेपण या गोष्टी कमी करून दाखवल्या जातात तिथेच बिलिटल बसतो, हे या मूळ वापरात अगदी स्पष्ट दिसतं. कुणी कुणाला शिवी दिली तर ते बिलिटल नव्हे. त्या शिवीने त्या माणसाची कुठलीच गोष्ट मोजून लहान केलेली नसते.

मग मराठीत ‘कमी लेखणे’ म्हटलं की झालं का? बहुतेक वेळा झालं, पण इथे आपल्या मुलांचा पाय हमखास घसरतो. आपल्या ‘कमी लेखणे’त दोन वेगळ्या क्रिया एकाच वेळी बसतात. एक मनातली: समोरच्याची ताकद ओळखण्यात चुकणं. दुसरी तोंडातली: त्याची किंमत बोलून कमी करणं. इंग्रजीत पहिलीला अंडरएस्टिमेट म्हणतात, दुसरीला बिलिटल. ‘शत्रूला कमी लेखू नका’ याचं इंग्रजी ‘डोन्ट बिलिटल द एनिमी’ असं केलंत तर वाक्य व्याकरणाने बरोबर राहील आणि अर्थाने भलतीकडे जाईल. शत्रूबद्दल वाईट बोलू नका, त्याला हिणवू नका, असं ते होईल. तुम्हाला म्हणायचंय की शत्रूच्या ताकदीबद्दल गाफील राहू नका. नोकरीच्या मुलाखतीत ‘पीपल ऑफन बिलिटल मी बट आय प्रूव्ह देम राँग’ म्हणणारी मुलं मला भेटतात. त्यांना सांगायचं असतं, ‘लोकांना माझा अंदाज येत नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं, याला सगळीकडे लोक घालून पाडून बोलतात. मुलाखतीत हा फरक महाग पडतो.

हा भेद मी वर्गात 1983च्या विश्वचषकावरून समजावतो, कारण ती गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. त्याआधीच्या दोन विश्वचषकांत भारत मिळून एकच सामना जिंकला होता, तोही 1975 मध्ये पूर्व आफ्रिकेविरुद्ध. 1979 मध्ये तर श्रीलंकेनेही हरवलं होतं. म्हणून 1983 मध्ये कुणी आपल्याला मोजलं नाही. ते झालं अंडरएस्टिमेट. रेकॉर्ड पाहून बांधलेला अंदाज होता, तो चुकला. 25 जूनला लॉर्ड्सवर 183 धावांवर आटपलेल्या कपिलच्या संघाने वेस्ट इंडिजला 140 मध्ये गुंडाळलं. त्यानंतर तोच वेस्ट इंडिजचा संघ हिवाळ्यात भारतात आला, कसोटी मालिका 3-0 आणि एकदिवसीय मालिका 5-0 अशी जिंकून गेला. मग ‘विश्वचषक म्हणजे नशिबाचा खेळ होता, एक दिवस फळला’ असं म्हणणाऱ्यांनी जे केलं ते बिलिटल. आता यश समोर होतं, ट्रॉफी हातात होती, अंदाज बांधण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मिळवलेली गोष्ट लहान करणं एवढंच शिल्लक होतं. थोडक्यात, सामन्याआधी अंडरएस्टिमेट करतात, सामन्यानंतर बिलिटल. हे सूत्र दहातल्या नऊ वेळा वाट चुकू देत नाही.

या क्रियापदाचं कर्म माणूसच असायला हवं असं नाही, आणि हे लक्षात आलं की तुमचं इंग्रजी एकदम सुधारतं. कर्तृत्व, मेहनत, भीती, दुःख, श्रद्धा, समस्या, कुणाचं योगदान, या सगळ्यांना बिलिटल करता येतं. ‘ही बिलिटल्ड हर अचीव्हमेंट्स’ हे ‘ही बिलिटल्ड हर’पेक्षा जास्त नेमकं आहे, कारण नक्की काय लहान केलं ते त्यात सांगितलंय. आपल्या घराघरांत हे कसं चालतं ते बघा. मुलगी बारावीला चांगले गुण घेऊन येते आणि काका म्हणतात, “छान हो! पण यंदा पेपर सोपे होते म्हणे.” कुणाचं दुकान चालायला लागतं, तर “मोक्याची जागा मिळाली ना त्याला.” सून दिवसभर राबते आणि कुणीतरी सहज बोलून जातं, “घरीच तर असतेस.” यात एकही अपशब्द नाही. पहिल्या वाक्यात तर ‘छान’ आहे. तरी प्रत्येक वाक्याने समोरच्याचं श्रेय उचलून दुसऱ्या कशाला तरी देऊन टाकलं: सोप्या पेपरांना, जागेला, घरी असण्याला. श्रेय असं सरकवून देणं हा बिलिटल करण्याचा सगळ्यात नेहमीचा मार्ग आहे. दुसरा मार्ग तुलनेचा: “शेजारच्या मंजूला ब्याण्णव पडले.” तिसरा म्हणजे “त्यात काय एवढं!”

या तिसऱ्याबद्दल थोडं थांबायला हवं. रडणाऱ्या मुलाला आपण मायेने म्हणतो, “एवढ्याशाने काय रडतोस?” हेतू चांगला असतो, पण मुलाची भीती त्या क्षणी लहान करून दाखवली जातेच. हेतू प्रेमाचा असला तर इंग्रजीत बिलिटल सहसा वापरत नाहीत, ‘मेक लाइट ऑफ’ किंवा ‘प्ले डाउन’ म्हणतात. पण त्या मुलाच्या बाजूने बोलणारा माणूस, म्हणजे शिक्षक किंवा समुपदेशक, ‘डोन्ट बिलिटल हिज फिअर्स’ असंच म्हणेल. तेव्हा हा शब्द कोणाच्या बाजूने बोलला जातो तेही पाहावं लागतं. बिलिटल हा करणाऱ्याचा शब्द नव्हे. ज्याच्यावर बेतली त्याचा, नाहीतर बघणाऱ्या तिसऱ्याचा तो शब्द आहे. ‘मी आता तुला बिलिटल करतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून हा शब्द उच्चारला की तो एकतर आरोप असतो नाहीतर इन्कार.

इथे तुमच्या मेलकडे येऊ. ‘आय डोन्ट मीन टू बिलिटल युअर एफर्ट्स, बट...’ हा इन्कार आहे. इंग्रजी लिखाणात ‘धिस इज नॉट टू बिलिटल’, ‘विदाउट बिलिटलिंग’ अशी नकारी रूपं फार भेटतात. मराठीत आपण म्हणतो, “तुमचे कष्ट मी नाकारत नाही, पण...” किंवा “तुमच्या कामाला मी नावं ठेवत नाही, पण...” अपमान म्हणून हे घेऊ नका. लिहिणाऱ्याला पुढची टीका बोचेल याची जाणीव आहे आणि त्याने आधीच हात जोडलेत, एवढाच याचा अर्थ. खरं पाहायचं ते ‘बट’च्या पुढे. तिथे ‘अहवाल दोन दिवस उशिरा आला आणि तिसऱ्या तक्त्यातले आकडे जुळत नाहीत’ असं असेल तर ती कामावरची टीका आहे, तिला उत्तर कामाने द्यायचं. तिथे ‘हे तर कुणीही केलं असतं’ असं असेल, तर आधीचा इन्कार पोकळ आहे आणि जे केलं नाही म्हणतात तेच केलंय. तुम्हाला उत्तर लिहायचं असेल तर ‘यू आर बिलिटलिंग मी’ असं लिहू नका. तो सरळ आरोप होतो आणि समोरचा पहिल्या वाक्याचाच आधार घेऊन सांगेल, मी तर तसं नाही असं लिहिलं होतं. केलेलं काम आकड्यांनिशी मांडा, बस्स.

आता आसपासचे शब्द. इन्सल्टचं, म्हणजे अपमानाचं, वर सांगितलं. ह्युमिलिएटचं मूळ लॅटिनमधल्या जमिनीच्या शब्दात आहे: मान खाली घालायला लावणं, पाणउतारा करणं. त्याला बहुधा चार माणसं बघणारी लागतात. बिलिटल बंद दाराआड, दोघांतही होतं.

डिसपॅरेज म्हणजे तिसऱ्यापाशी एखाद्याला नावं ठेवणं, त्याची पत उतरवणं. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द खालच्या दर्जाच्या घराण्यात लग्न लावून देण्याबद्दल होता. आज तो औपचारिक आहे आणि जाहिरातींच्या खटल्यांत नेहमी येतो. आपल्या न्यायालयांनी धरलेलं सर्वसाधारण तत्त्व असं, की स्वतःचा साबण सगळ्यात चांगला असं म्हणायला हरकत नाही, पण दुसऱ्याचा साबण वाईट असं म्हणणं म्हणजे डिसपॅरेजमेंट. तिथे बिलिटल लिहिलंत तर वकील तुमचा कागद परत पाठवेल.

डेनिग्रेटच्या मुळाशी ‘काळं करणे’ आहे. मराठीत त्याला जुळी बहीणच आहे: काळं फासणे, काळिमा लावणे. प्रतिमा मलिन करणं, बदनामी करणं यासाठी तो वापरा. बिलिटलमध्ये माणूस लहान होतो, डेनिग्रेटमध्ये डागाळतो. चर्चिल 1931 मध्ये गांधीजींबद्दल बोलले ते उदाहरण घ्या: मिडल टेम्पल या लंडनमधल्या वकिलांच्या संस्थेचा राजद्रोही वकील, आता फकिराचं सोंग घेऊन अर्धनग्न अवस्थेत व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या पायऱ्या चढतोय, असा त्याचा रोख होता. ‘राजद्रोही’ म्हणणं, सोंग घेतलंय म्हणणं, हे डेनिग्रेट. आणि व्हाइसरॉयशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करायला निघालेल्या नेत्याला कपड्यांवरून एका फकिराएवढा करून टाकणं, हे बिलिटल. एकाच वाक्यात दोन्ही आलं. (गांधीजी मिडल टेम्पलचे नव्हते, तशाच दुसऱ्या संस्थेचे, इनर टेम्पलचे बॅरिस्टर होते. 1891 मध्ये त्यांना सनद तिथून मिळाली. ज्याला लहान करायचं त्याची साधी माहितीही नीट घ्यावीशी वाटली नाही.)

पॅट्रोनाइज मात्र वेगळाच. त्याचा जुना अर्थ आश्रय देणं, गिऱ्हाईक म्हणून एखाद्या दुकानात जाणं असा आहे आणि तो अजून जिवंत आहे. दुसरा अर्थ म्हणजे आपण वरचे आणि समोरचा लहान मूल, अशा थाटात गोड बोलणं. “वा, खेड्यातून येऊन तुम्ही इतकं छान इंग्रजी बोलता!” हे पॅट्रोनायझिंग. यात कौतुक खरंही असू शकतं, पण ते वरून खाली टाकलेलं असतं. कन्डिसेंडिंग त्याचाच भाऊ. जुन्या इंग्रजीत मोठ्या माणसाने लहानांत मिसळणं या चांगल्या अर्थाने कन्डिसेंड वापरत, आज तो अर्थ गेला.

डिमीनमध्ये भर प्रतिष्ठेवर असतो, आणि तिथे करणारा माणूस दिसलाच पाहिजे असं नाही. एखादी पद्धत, एखादी अटही डिमीनिंग असू शकते. कामाला येणाऱ्या बाईंना वेगळ्या कपात चहा देण्याची रीत डिमीनिंग आहे, कुणी एक शब्द न बोलताही. बिलिटलला सहसा कुणाचं तरी बोलणं, सूर, हसणं, खांदे उडवणं लागतं.

उलट दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत नेताना, जबाबदारी सगळ्यात मोठी असते. कौटुंबिक वादाच्या कागदांत बायका सांगतात ते शब्द असे असतात: “घालून पाडून बोलायचे”, “चारचौघांत पाणउतारा करायचे”, “माहेरावरून टोमणे मारायचे”, “मला कस्पटासमान लेखायचे”, “मूल होत नाही म्हणून हिणवायचे.” या पाचांना सरसकट ‘ही बिलिटल्ड मी’ करून टाकणारे अनुवाद माझ्याकडे तपासायला आलेत. असं केल्याने त्या बाईचं म्हणणं पातळ होतं. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या करताना इन्सल्ट, रिडिक्यूल, ह्युमिलिएशन, नेम कॉलिंग हे शब्द आलेत, आणि मूल किंवा मुलगा नसण्यावरून केलेला अपमान आणि उपहास तर वेगळा नोंदवलाय. मग ‘मूल होत नाही म्हणून हिणवायचे’ यासाठी रिडिक्यूल्ड हाच शब्द हवा. चारचौघांतल्या पाणउताऱ्याला ह्युमिलिएटेड. टोमण्यांना टॉन्टेड. बिलिटल्ड राहतो तो ‘मी नोकरीत बढती घेतली तर म्हणाले, बायकांना देतातच’ अशा वाक्यापुरता, आणि तिथे तो अगदी चपखल बसतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या प्रकरणांत तर जास्तच जपावं लागतं. तिथे लोकांच्या देखत, ह्युमिलिएट करण्याच्या हेतूने केलेला इन्सल्ट हा गुन्ह्याचा गाभा आहे. फिर्यादीने ‘पाणउतारा’ म्हटलं आणि अनुवादकाने बिलिटल लिहिलं, तर गाभाच हलका झाला.

कचेरीतली तक्रार लिहिणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं असतं. ‘माय मॅनेजर कॉन्स्टंटली बिलिटल्स मी’ हा तुमचा निष्कर्ष झाला. चौकशी करणाऱ्याला लागतं ते बोललेलं वाक्य, तारीख आणि तिथे कोण कोण होतं ते. बोललेलं वाक्य मराठीत होतं तर मराठीतच लिहा, खाली इंग्रजी द्या. मग शेवटी एकदा बिलिटल आला तर त्याला वजन राहतं.

व्याकरण थोडक्यात. बिलिटलला थेट कर्म लागतं, मध्ये कुठलंही शब्दयोगी अव्यय नको. ‘मला कमी लेखलं’ यातला ‘ला’ डोक्यात असल्याने मुलं ‘ही बिलिटल्ड टू मी’ लिहितात, ते चूक. ‘बिलिटल डाउन’ही चूक, लहान करण्यातच खाली आलं. ‘ही बिलिटल्स’ एवढंच लिहून वाक्य संपवता येत नाही, कुणाला किंवा कशाला ते लागतंच. आपल्याला तसं वाटलं हे सांगायला ‘आय फेल्ट बिलिटल्ड’ हे उत्तम. विशेषण म्हणून ‘अ बिलिटलिंग रिमार्क’ चालतं. स्वतःबद्दल: ‘डोन्ट बिलिटल युअरसेल्फ’, म्हणजे ‘स्वतःला कमी लेखू नकोस’. पण मराठीतलं ‘कमीपणा घेणे’ इथे आणू नका. भांडण मिटावं म्हणून थोरल्या जावेने कमीपणा घेतला, तर ते बिलिटल नव्हे; त्यात तिची किंमत वाढलीच. तिथे ‘शी गेव्ह इन’ किंवा ‘शी टुक द फर्स्ट स्टेप’ म्हणा.

स्पेलिंगमध्ये टी दोनदा येतो आणि ‘इंग’ लागला की शेवटचा ई गळतो. उच्चारात जोर मधल्या ‘लि’वर, शेवट ‘लिट्ल’सारखा. ‘बे-लिटल’ असा पहिल्या अक्षरावर जोर दिला की ऐकणारा क्षणभर अडखळतो.